पाचवा डबा

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात नूरुद्दीन दलालांचा चेहरा नावाजलेला होता, आणि त्याचं कारण असं की त्या चेहऱ्यावर कधीच काही दिसलं नव्हतं. एकदा सौदा चालू असताना त्यांच्या पाठीमागे त्यांचीच कडब्याची गंजी पेटली. लोक बादल्या घेऊन धावले. नूरुद्दीननी सौदा पुरा केला, रुमाल झटकून खांद्यावर टाकला, आणि मग सावकाश वळून गंजीकडे पाहिलं. ती दुसऱ्याची असावी, असं पाहिलं.

त्यांचा मुलगा रशीद बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे चालून गेलं असतं. पण बैलाचा दर तोंडाने बोलायचा नाही, ही बाजाराची रीत. दोघं दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि खालून एकमेकांची बोटं दाबतात. बोटांचे आकडे ठरलेले. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. घोडेगावात याचे आणखी दोन नियम होते. एक, हात रुमालाखाली असेपर्यंत भोवतालच्यांनी बोलायचं नाही. दोन, हात खाली जाताना जो तिथे हजर होता त्याने ते वर येईपर्यंत जागा सोडायची नाही, कारण तो साक्षीदार झाला. या दुसऱ्या नियमापायी आजवर एका माणसाची मोटार चुकली होती आणि एका नवरदेवाचा मुहूर्त. त्यांना कोणी हसलं नाही. एक जण मात्र मध्येच उठून गेला होता. त्याला अकरा वर्षं झाली, त्याच्याकडून अजून कोणी शेळीसुद्धा घेत नव्हतं.

रशीदचे हात रुमालाखाली गेले की त्याच्या भुवया वर जायच्या. आकडा बरा आला की कान लाल व्हायचे. आकडा घसरला की खालचा ओठ असा लोंबायचा की शेजारचा पानवाला हळहळायचा. लोक त्याच्या सौद्याला हटकून गर्दी करत. शेवटी अब्बांनी त्याला सौद्यावरून काढलं आणि बैलाशेजारी उभं केलं, बैलाचे गुण ओरडायला. आवाज खणखणीत होता. पण एका मारक्या बैलाला "गाईवानी गरीब हाय" म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की गिऱ्हाईक चार पावलं मागे सरकलं आणि तिथूनच घरी गेलं.

"राजूरला जा," अब्बा म्हणाले. घरात ते दखनी उर्दूत बोलत, पण रागावले की बाजारातल्या मराठीत येत. तिथे त्यांचा हात बसलेला होता. "मामू हाय तुजा तितं. हिरडं निवडायचं काम हाय. चांगला हिरडा हिकडं, किडका तिकडं. हिरड्याला तुजं तोंड दिसत न्हाई."

"कवापातूर?"

"हिरडं सपेपातूर."

रशीदने राजूर पाहिलं होतं. भोवती सगळे डोंगर, डोंगरांवर सगळी झाडं, आणि झाडांना सगळे हिरडेच. ते संपण्यातले नव्हते.

त्याच बाजारी हेमचंद्र मास्तर घोडेगावला आले. त्यांना बैल नको होता. ते डोळे मिटून बाजारातून हिंडत होते आणि नुसते आवाज ऐकत होते. त्यामुळे त्यांना दोन म्हशी धडकल्या. तिसऱ्या वेळी ते रशीदला धडकले.

"बोलत राहा," मास्तर म्हणाले.

"काय बोलू?"

"हेच. मला यंत्राच्या खडखडाटावर चढेल असा गळा हवाय."

मास्तर नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. लढाई संपली तसा लष्कराने आपला छावणीतला पसारा लिलावात काढला. मास्तर तिथे मच्छरदाणी घ्यायला गेले होते. नाकावरची माशी हाकलायला त्यांनी हात वर केला आणि एक सिनेमाचं यंत्र व चित्राचे पाच डबे त्यांच्या नावावर पडले. आवाजाचा भोंगा वेगळा पुकारला गेला. तो काष्टीच्या एका बँडवाल्याने नेला. मास्तरांनी घरच्या भिंतीवर पहिला डबा लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत राजीनामा दिला. आडते बाजारामागे पुंजारामशेठचं गोदाम होतं. त्यात त्यांनी 'निवडक चित्रगृह' काढलं. निवडक अशासाठी की चित्र एकच होतं.

दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. 'येथे मारामारी, चमत्कार व नाच दाखवले जाणार नाहीत.' लोक ती थांबून वाचत, मान डोलवत आणि पुढे जात.

"चित्र कशाचं हाय?" रशीदने विचारलं.

"एक नदी आहे. एक नावाडी आहे. एक बाई आहे."

"आनि?"

"धुकं आहे."

"आन् काय व्हतं?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसं काही होत नाही," ते म्हणाले. "पण फार सुंदर होत नाही."

अडचण अशी होती की चित्र बोलपट होतं, पण भोंगा काष्टीला. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत. ऐकू आली असती तरी भाषा कोणती हे मास्तरांना माहीत नव्हतं. सोमवारी ते फ्रेंच म्हणत, गुरुवारी इटालियन. म्हणून पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस हवा होता. आधी एक पेन्शनीतले पोस्टमास्तर होते, पण त्यांचा आवाज यंत्राखाली दबायचा. लोक दुसऱ्या डब्याला उठून जात. एक वकील तेवढे चौथा डबा संपेपर्यंत टिकले होते, पण त्यांना जागं केल्यावर कारण कळलं. आणि आता पुंजारामशेठनी निर्वाणीचं सांगितलं होतं. भुईमुगाची काढणी झाली आहे. येत्या शनिवारी दुपारच्या खेळाला माणसं शेवटपर्यंत बसली तर गोदाम मास्तरांचं. एकही उठलं तर सोमवारी आत शेंगा.

"शेवट काय हाय पन चित्राचा?"

"उत्तम असणार."

"असनार?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. यंत्राचा दिवा एकच होता. तो गेला तर दुसरा मिळायचा नाही, म्हणून ते तो जपून वापरत. घरी एकच डबा पाहिला, बाकीचे प्रेक्षकांबरोबर. आणि आजवर पाचव्या डब्यापर्यंत कोणी बसलंच नव्हतं.

रशीदने अब्बांना विचारलं. अब्बांनी मास्तरांकडे पाहिलं, जसं ते जनावराचे दात पाहायच्या आधी पाहत.

"शनवार," ते म्हणाले. "जमलं तर ऱ्हा. न्हाई जमलं तर आयतवारी राजूरची मोटार."

माणसं जमवायचं काम रशीदने बाजारातच उरकलं. त्याने कोणाला थाप मारली नाही, मारता येतच नव्हती. त्याने खरं ते सांगितलं, की सव्वा तास काहीच होत नाही. दलाल लोक चकित झाले. खोट नसलेला बैल त्यांनी ऐकला होता, पण सव्वा तास काहीच नाही, आणि तेही तिकीट लावून, म्हणजे विकणारा मोठा असामी असला पाहिजे. शनिवारी कोळशाच्या गॅसवरची मोटार भरून माणसं निघाली. इमामपूरच्या घाटात ती नेहमीसारखी थांबली, सगळे उतरून चालू लागले, आणि घाट संपल्यावर मोटार मागून येऊन त्यांना भेटली. एकूण बेचाळीस माणसं होती. अब्बा पुढे बसले होते. ते कशासाठी येतायत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

गोदामाच्या दारात बनुबाई तिकिटं आणि भाजलेल्या शेंगा विकत होती. दोन्हींचा कागद एकच.

"आत काय हाय, मावशे?" एकाने विचारलं.

"अंधार हाय," बनुबाई म्हणाली.

"आजून?"

"मदूनमदून एक बाई."

"तुमी बगितलं का?"

"मी कशाला बगू? मला घरी काय बाई न्हाई का धुकं न्हाई?"

आत पोत्यांच्या थप्प्या रांगांनी लावून बैठक केली होती. गुळाचा वास होता. समोरच्या भिंतीला चुना दिलेला, बस. रशीदने आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. मास्तरांनी त्याला चार पानांचं टिपण दिलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'धुके. येथे थांबावे.' त्याखाली: 'नदी हे आयुष्याचे प्रतीक आहे, पण सांगू नये.' चौथ्या पानावर एकच ओळ होती: 'येथे प्रेम. चार मिनिटे.'

"आनि पाचवं पान?"

"ते तुम्ही बघाल तसं," मास्तर म्हणाले. त्यांनी टिपणाचा कोपरा दुमडला आणि पुन्हा सरळ केला. रशीदचं लक्ष गेलं की मास्तरांच्या चेहऱ्यावरही सगळं दिसतं, आणि त्याला ते एकदम घरच्यासारखे वाटले.

सर्वात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर पुंजारामशेठ बसले. त्यांच्याबरोबर शेंगांचा एक नमुना होता. तो ते मधूनमधून हातात घेऊन खाली-वर करत.

दार लावलं. यंत्र खडखडलं. आणि चुन्याच्या भिंतीत एक नदी आली.

रशीद टिपण विसरला. ती नदी भिंतीपेक्षा मोठी होती. पाणी इतकं संथ होतं की त्याला आधी वाटलं यंत्र अडकलंय, मग एक काटकी वाहत गेली. धुक्यातून नाव आली. नावेत एक म्हातारा होता, आणि त्या म्हाताऱ्याला कोणीतरी पाहतंय हे ठाऊकच नव्हतं. माणसाला न कळता माणसाकडे इतक्या जवळून पाहता येतं, हे रशीदला नवीन होतं. बाजारात सगळेच एकमेकांकडे बघतात, पण प्रत्येकाला ते ठाऊक असतं. मागून मास्तर कुजबुजले, "बोला."

"हा नावाडी," रशीद ओरडला. "वय साठीच्या आतबाहेर. खांदा दांडगा. चाल सरळ. डाव्या पायात थोडी कसर हाय, पन उन्हाळ्यात जानवनार न्हाई."

"बरोबर," अंधारातून कोणी म्हणालं.

"ही बाई. नवरा वारलेला असावा, घरात एकच खुर्ची हाय. आंगानं बारीक, पन कामाची हाय. नजर खाली. मारकी न्हाई."

"रशीद, बाई आहे ती," मास्तर यंत्रामागून कळवळले.

"व्हय, बाई हाय," रशीदने मान्य केलं.

पहिला डबा असा गेला. दुसरा डबा लावायला मास्तरांना पाच मिनिटं लागली, कारण यंत्र एकच होतं. दुसऱ्या डब्यात नावाड्याने बाईला नदीपार नेलं आणि परत आणलं. तिसऱ्यात त्याने तेच केलं, पण पाऊस होता. तिसऱ्या डब्यानंतर कंदील लागला तेव्हा रशीदने माणसं मोजली आणि त्याचा ओठ लोंबला. बेचाळीसच्या बेचाळीस होती, पण पाच जण उभे राहून आळस देत होते आणि दोघं जोडे शोधत होते.

"चल की मर्दा," एक जण दुसऱ्याला म्हणाला. "मानूस पारही झाला आनि परतही आला. राहिलं काय?"

पुंजारामशेठनी शेंगांची पिशवी मांडीवर घेतली.

मास्तरांनी चौथा डबा घाईने चढवला. कंदील विझला. जोडे शोधणारे अंधारात जोडे शोधू लागले.

चौथ्या डब्यात संध्याकाळ होती. नदीकाठी एक बाकडं होतं. नावाडी त्यावर येऊन बसला. बाई आली आणि शेजारी बसली. दोघंही समोर बघत होते. वारा असावा, कारण बाईने खांद्यावरची शाल काढली, दोघांच्या मांडीवर पसरली, आणि तिचा हात शालीखाली गेला.

मग नावाड्याचा हात शालीखाली गेला.

गोदामात बेचाळीस माणसं एकदम ताठ झाली. उभे होते ते होते तिथे थिजले. ज्याचा एक पाय जोड्यात होता त्याने तो तसाच ठेवला.

"चालू झालं," कोणीतरी अगदी हळू म्हणालं. मग तेही नाही.

चौथं पान रशीदच्या हातात होतं. 'येथे प्रेम.' त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोला," मास्तर मागून म्हणाले. "रशीद, प्रेम. बोला ना."

रशीदने ओठावर बोट ठेवलं. मास्तर यंत्र सोडून वाकून त्याच्यापर्यंत आले. "चार मिनिटं आहेत हो. लोक उठतील."

"हात खाली हायत, मास्तर," रशीद त्यांच्या कानात म्हणाला. "आता बोलायचं नसतं."

मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांच्या चित्रगृहात अशी शांतता आजवर फक्त सुट्टीच्या दिवशी असायची. माणसं गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकली होती आणि त्या शालीकडे बघत होती. आत अंगठा हलला की शाल किंचित हलायची. ती हलली की बेचाळीस माना किंचित हलायच्या. नावाड्याचा चेहरा भिंतीवर आला, भिंतीएवढा. त्यावर काहीही नव्हतं. अब्बा पुढच्या पोत्यावर होते. त्यांनी त्या चेहऱ्याकडे असं पाहिलं जसा एक गवई दुसऱ्याकडे बघतो.

मग बाईचा चेहरा आला.

तिने तो बराच वेळ धरून ठेवला. आधी हनुवटी हलली. मग डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही, कारण एक हात शालीखाली होता आणि दुसऱ्याला सुचलं नसावं. तिला काय हवंय, किती हवंय, किती वर्षांपासून हवंय, सगळं तिथे लिहिल्यासारखं होतं. गोदामभर एक श्वास आत गेला. बेचाळीसच्या बेचाळीसांना कळलं की सौदा गेला. तिने तोंडावर दाखवलं. आता तो दर दाबणार. कोणीही दाबेल.

रशीदला ते बघवेना आणि नजर काढवेना. त्या बाईला कोणी राजूरला पाठवलं नव्हतं एवढंच.

नावाडी तिच्याकडे वळला. त्याने तिचा चेहरा पाहिला. त्याचा अंगठा शालीखाली होता तिथेच राहिला. त्याच्या भुवया, इतका वेळ दगडाच्या असलेल्या, जराशा वर जाऊ लागल्या.

आणि डबा संपला. भिंत पांढरी झाली. मास्तरांनी कंदील लावला.

कोणी उठलं नाही. कोणी शेंग फोडली नाही. अर्धा जोडा घातलेला माणूस तसाच खाली बसला. पुंजारामशेठ मात्र पाणी प्यायला उठले.

"शेठ, बसा," अब्बा मागे न बघता म्हणाले.

"आलोच. पाणी पिऊन."

"हात खाली हायत."

पुंजारामशेठ आडते होते. त्यांचा निम्मा धंदा घोडेगावच्या बाजाराशी होता. ते बसले.

यंत्राजवळ डबा बदलायची खुडबुड चालू होती. अब्बांनी रशीदला जवळ बोलावलं.

"त्यानं दाबलं आसंल का तिला?"

"तुमी काय केलं आसतं, अब्बा?"

"मी दाबलं आसतं," अब्बा म्हणाले. त्यांनी थोडा वेळ भिंतीच्या चुन्याकडे पाहिलं. "पन त्याचा आंगठा हालला न्हाई. मी बारीक बगितलं. एवढं सगळं कळल्यावर बी हालला न्हाई. असला दलाल मी बगितला न्हाई कुटं."

"चांगला का वाईट?"

"तेच बगायचं हाय," अब्बा म्हणाले. "लाव म्हन मास्तरला."

मास्तरांनी पाचवा डबा लावला. कंदील विझला, आणि मास्तर यंत्राशेजारी न थांबता पुढे येऊन उभे राहिले. त्यांनाही शेवट पाहायचा होता.

भिंतीवर इंग्रजी अक्षरं आली आणि गेली. मग एक खेचर आलं.

ते चांगलं खेचर होतं. त्याच्यामागे आणखी दहा होती. एक गोरा शिपाई आला, त्याने पहिल्या खेचराचा पाय उचलला, खूर वर केला आणि एका काठीने खुरातल्या खाचा दाखवू लागला.

मास्तरांच्या तोंडून बारीक आवाज आला. ते इंग्रजी वाचू शकत होते. लष्कराने आपल्या खेचरांच्या खुरांची निगा कशी राखावी याचं एक चित्र काढलं होतं, आणि लिलावाच्या गडबडीत ते पाचव्या डब्यात येऊन बसलं होतं.

"काहीही बोला," मास्तर पुटपुटले. "शेठ बसलेत. संपेपर्यंत बसले की झालं. काहीही."

रशीदने पुंजारामशेठकडे पाहिलं. हिरड्यांच्या डोंगरांची ओळच्या ओळ त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

"मग," तो ओरडला, "नावाड्यानं खेचरं घेतली."

"आता कसं," अंधारातून कोणी समाधानाने म्हणालं. "खेचरांचा सौदा हुता व्हय. मला वाटलंच."

"कितीला?"

"ते त्यांनाच ठाव. शाल हुती ना वर."

"खूर बघ, खूर. दुसऱ्याला कसर हाय."

"नाव इकली आसंल त्यानं. पुलं झाली आता सगळीकडं. खेचरांचाच धंदा बरा."

"हा शिपाई कोन पन?"

"बाईचा भाचा," रशीद म्हणाला. कोणी हरकत घेतली नाही. भाचा दुसऱ्या खेचराकडे गेला. लोक रंगले होते. एक जण तर म्हणाला की आधीचे चार डबे इतके बारीक होते म्हणून ही खेचरं इतकी मोठी वाटतात. आणखी दहा मिनिटं, आणि गोदाम वाचलं असतं.

"रशीद," अब्बा म्हणाले. "हिकडं बग."

रशीदने बघितलं नाही.

"उजेडाकडं तोंड कर."

खेचरांचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. बेचाळीस माणसांनी सवयीने तिकडे पाहिलं. त्यांनी रशीदचे सौदे वर्षभर असेच वाचले होते. भुवया, कान, ओठ. फार वेळ लागला नाही.

"ही ती गोष्ट न्हाई," अब्बा म्हणाले.

"न्हाई," रशीद म्हणाला. आवाज आपोआप मोठाच निघाला. "डबा बदललाय. ही लष्कराची खेचरं हायत. त्या दोगांचं काय झालं मला ठाव न्हाई. मास्तरांना बी न्हाई. भाचा मी घातला."

यंत्र खडखडत राहिलं. भाच्याने तिसरा खूर उचलला. मग मास्तरांनी जाऊन यंत्र बंद केलं, कंदील लावला आणि त्याच्याशेजारी डोकं धरून बसले.

रशीदने पुंजारामशेठना सांगून टाकलं. "शेठ, सोमवारी शेंगा आना. चित्र शेवटपातूर झालं न्हाई."

पुंजारामशेठ उठले, पिशवी काखेत मारली आणि दाराकडे वळले.

"कुटं चाललात?" अब्बांनी विचारलं.

"घरी. संपलं ना."

"सपलं न्हाई. हा आताच म्हनाला."

"आता दुसरं काही नाहीच दाखवायला, तर..."

"शेठ," अब्बा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, "त्या दोगांचे हात शालीखाली गेले तवा तुमी हितं हुता का न्हाई?"

पुंजारामशेठनी भोवती पाहिलं. बेचाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यातल्या निम्म्यांशी त्यांचा रोजचा व्यवहार होता.

"होतो," ते म्हणाले.

"मंग तुमी साक्षीला. आमी बी. हात वर येईपातूर कोनाला जागा सोडता यायची न्हाई."

"अहो, पण ते चित्र आहे."

"मानसं हायत की न्हाई त्यात?"

"आहेत."

"हात?"

पुंजारामशेठ पिशवीसह खाली बसले. यावर बराच खल झाला. कायमचं गोदामात बसायची कोणाची तयारी नव्हती, घरी दावणीला जनावरं होती. जागा न सोडता घरी जायचं कसं, हा प्रश्न घोडेगावच्या इतिहासात प्रथमच आला होता. शेवटी अर्ध्या जोड्यातल्या माणसाने तोड काढली. जागा राखून ठेवायची. खरा पाचवा डबा मिळेपर्यंत दर शनिवारी यायचं, चौथा डबा संपेपर्यंत बसायचं, म्हणजे सौदा सोडून गेलं असं कोणी म्हणू शकणार नाही. काष्टीच्या बाजारी जाणाऱ्याने बँडवाल्याकडे भोंग्याच्या पेटीत डबा गेलाय का ते बघायचं. राजूरकडे जाणाऱ्याने तिकडे विचारायचं. लिलावाला कोण कोण होतं त्याचा माग काढायचा.

"आणि माझ्या शेंगा?" पुंजारामशेठनी विचारलं.

"जागा राखून ठिवायची म्हनल्यावर, शेठ, त्या जागंत शेंगा कशा ठिवनार?"

शेंगा त्यांच्या घरच्या माडीवर गेल्या.

मास्तर उठून पुढे आले. त्यांचे डोळे लाल होते. "पण डबा नाहीच मिळाला तर?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तेच चार डबे किती वेळा बघणार?"

"तुमचा नावाडी किती डाव पार जातो?" अब्बा म्हणाले. "त्याला इचारलं का कोनी?"

मोटारीकडे चालताना अब्बा रशीदच्या पुढे होते. पाठमोरेच ते म्हणाले, "आयतवारी राजूरला निरोप धाड मामूला. म्हनावं, दुसरा मानूस बगा."

"आनि मी?"

"तू हितं ऱ्हा. मास्तरला कोनी बी फशवंल. त्याचं तोंड तुज्यापरीस वाईट हाय." त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "आनि तू सांगितलेलं तुज्या तोंडावर तपासता येतं. हे एक बरं हाय."

घाटात मोटार थांबली आणि सगळे उतरले. घाटाच्या माथ्यापर्यंत एकच चर्चा चालली होती, त्याने दाबलं असेल का. चौघं म्हणत होते दाबलं. बाकीचे, आणि यात अब्बाही होते, म्हणत होते नाही. एकाने असंही काढलं की मुळात सौद्यात नाव, खेचर असलं काही नव्हतंच, ती दुसरी खुर्ची आणायची का नाही एवढंच विचारत होती. मग मोटार मागून आली आणि सगळे आत चढले.

पुढच्या शनिवारी मोटारीच्या टपावरही माणसं होती. कारण बेचाळीसांनी घरी जाऊन सांगितलं होतं. काष्टीहून बँडवाला स्वतः आला होता. त्याच्याकडे डबा नव्हता, पण तो भोंगा घेऊन आला होता, आणि म्हणाला की बाई तोंड हलवते तेव्हा काय म्हणते ते ऐकल्याशिवाय तो परत नेणार नाही. मास्तरांना भोंगा यंत्राला जोडायला अजून जमत नव्हतं, तरी त्यांनी तो पडद्याजवळ आदराने ठेवला. बनुबाईने तिकिटं आणि शेंगांचे कागद वेगळे केले. मग तिने एक रिकामं पोतं पाहून घेतलं, पदर खोचला आणि त्यावर येऊन बसली.

"मावशे, तुमी?" रशीदने विचारलं.

"बगू दे की. घरी धुकं पडलं न्हाई आज."

पुंजारामशेठ आपल्या खुर्चीवर आले होते, यावेळी शेंगांचा नमुना न घेता. अब्बा पुढच्या पोत्यावर होते.

रशीद पडद्याशेजारी उभा राहिला. हातात टिपण नव्हतं. त्याने सगळ्यांकडे तोंड केलं, ज्याला जे वाचायचं ते वाचता यावं म्हणून.

"पाचवा डबा आजून गावला न्हाई," तो म्हणाला. "गावंल का न्हाई, सांगता येत न्हाई. ज्याला उठायचं त्यानं आत्ताच उठावं. एकदा हात खाली गेले की मंग उठता येनार न्हाई."

कोणी उठलं नाही. उलट दार लोटून आणखी तिघं आत आले आणि जागा शोधू लागले. रशीदने त्यांना सरकून घ्यायला सांगितलं. मास्तरांनी कंदील विझवला, आणि भिंतीतून नदी येऊ लागली.